रानातली दौड आणि रानाचे राखणदार

हिवाळ्यातल्या पहाटे दोंडाईचा शहराबाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहावे. अंधारात आधी पावलांचा आवाज येतो आणि धावणारी मुले मागाहून दिसतात. भरतीची तयारी करणारे हे तरुण-तरुणी डांबरी रस्त्याच्या कडेने, मालमोटारींच्या दिव्यांच्या झोतातून अंग चोरून धावत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर अंतर धावावे लागते. तेवढे अंतर नेमक्या वेळेत कापणे हे त्यांच्या आयुष्यातील या काळापुरते सर्वांत मोठे ध्येय असते. धावणे हा त्यांचा छंद नव्हे. ती नोकरीच्या परीक्षेची एक प्रश्नपत्रिका आहे. नोकरी लागली किंवा वयोमर्यादा उलटली, की धावणे थांबते.

त्याच पहाटे, त्याच महाराष्ट्रात, पुण्या-मुंबईकडील डॉक्टर, अभियंते आणि बँकांतील अधिकारी पदरचे पैसे मोजून डोंगरात पन्नास-पन्नास किलोमीटर धावत असतात. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात अर्धमॅरेथॉन भरते आणि तिला हजारो लोक येतात. सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणाऱ्या वाटांवर तर शंभर किलोमीटरपर्यंतची स्पर्धा होते. डांबरी सडक सोडून पायवाटेने, चढउतारांवरून, ओढे-नाले ओलांडीत धावण्याच्या या प्रकाराला ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात; मराठीत त्याला रानदौड म्हणावयास हरकत नाही. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. त्यापुढची दौड ती अल्ट्रा मॅरेथॉन.

ही लाट उद्या ना परवा खानदेशात येईल. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगर आणि शिरपूरच्या उत्तरेचा सातपुडा येथे अशा स्पर्धेला साजेशा वाटा आहेत. म्हणूनच ती कोणी, कोठे आणि कोणत्या अटींवर भरवावी, याचा विचार फलक लागण्यापूर्वीच झालेला बरा.

संयोजन म्हणजे काय?

लांब पल्ल्याच्या दौडीचा इतिहास पाहिला तर त्यात विक्रमांइतकेच महत्त्व नियमांना असल्याचे दिसते. दक्षिण आफ्रिकेतील दर्बान आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांदरम्यानची सुमारे ९० किलोमीटरची ‘कॉम्रेड्स’ दौड १९२१ साली पहिल्या महायुद्धातील मृत सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झाली. त्या वर्षी ३४ जण निघाले आणि त्यांपैकी १६ जण पोहोचले. परंतु कृष्णवर्णीयांना व स्त्रियांना त्या दौडीत अधिकृत प्रवेश मिळावयास १९७५ साल उजाडावे लागले. रस्ता सर्वांचा असतो. स्पर्धा मात्र ती भरविणाऱ्यांची असते, हा त्यातील बोध होय.

अमेरिकेत १९७४ साली गॉर्डन एन्स्ले नावाचा तरुण कॅलिफोर्नियातील शंभर मैलांच्या घोडदौडीत घोड्यावाचून उतरला आणि चोवीस तासांच्या आत पायी पोहोचला. त्यातून ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही प्रसिद्ध रानदौड जन्मली. एका माणसाच्या जिद्दीने एक दौड पुरी होते; ती वर्षानुवर्षे चालविण्यास मात्र न धावणारी शेकडो माणसे लागतात. वाटेच्या प्रत्येक फाट्यावर खूण बांधावी लागते आणि स्पर्धा संपताच ती सोडवून आणावी लागते. ठरावीक अंतरावर पाणी, मीठ, गूळ आणि प्रथमोपचार यांची ठाणी उभारावी लागतात. प्रत्येक ठाण्यावर कोण आले आणि कोण पुढे गेले, याची क्रमांकवार नोंद ठेवावी लागते. ठरल्या वेळेत न पोहोचलेल्यास, त्याची कितीही इच्छा असली तरी, तेथेच थांबविण्याचे धैर्य दाखवावे लागते. आणि सर्वांत शेवटच्या धावपटूच्या मागून कोणीतरी चालत यावे लागते, कारण रानात मागे राहिलेला माणूस कोणाला दिसत नाही.

हे जेथे ढिले पडते तेथे काय होते, ते २२ मे २०२१ रोजी चीनमधील गान्सू प्रांतात दिसले. शंभर किलोमीटरच्या डोंगरी स्पर्धेत १७२ जण उतरले होते. दुपारी हवामान एकाएकी फिरले. पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. बहुतेकांच्या अंगात पातळ सदरा आणि आखूड विजार होती आणि सर्वांत अवघड चढावर मदतीचे ठाणे नव्हते. थंडीने २१ धावपटू मृत्यू पावले. त्या दिवशी सहा जणांचे प्राण वाचविले ते एका मेंढपाळाने. वादळामुळे तो एका गुहेत आसऱ्याला बसला होता. गारठलेल्यांना त्याने आत आणले आणि शेकोटी करून ऊब दिली. संयोजकांचे नकाशे जेथे अपुरे पडले तेथे त्या डोंगरावर रोज वावरणारा माणूस उपयोगी पडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

खानदेशात भय थंडीचे नाही, उन्हाचे आहे. हिवाळ्यातही सकाळी दहानंतर उघड्या माळावर ऊन चटके देऊ लागते. तहानेने मनुष्य कोसळतो हे सर्वांना ठाऊक असते. तासन्‌तास धावताना केवळ पाणीच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटूनही जिवावर बेतते, हे फारसे ठाऊक नसते. तेव्हा मिठाची पुडी ही येथे ऐषाराम नव्हे, ती औषधपेटीतील वस्तू आहे.

रानाचे वेळापत्रक

दुसरा प्रश्न रानाच्या सोयीचा. शहरातील संयोजक सुट्टीचा रविवार पाहून तारीख ठरवितो. रानाचे पंचांग निराळे असते. पावसाळ्यात पायवाटा मऊ असतात. शेकडो पावलांनी त्या उखडल्या की तीच माती पुढच्या सरीबरोबर ओढ्यात जाते. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम सुरू होतो. सागाचा पाचोळा वाळलेला असतो आणि एक ठिणगी पुरते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याची घाई आणि त्यामागून तेंदूपानांचा हंगाम. त्या दिवसांत वाटा अडविणे म्हणजे गरिबाची मजुरी अडविणे. उरतात ते नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने. त्यांतही दौड सुरू करावी ती उजाडल्यावर. झुंजूमुंजू वेळ ही बिबट्याची आणि रानडुकरांची असते. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी.

कायद्याचेही भान हवे. शिरपूर तालुक्यातील अनेर धरण परिसर हे अभयारण्य आहे. अभयारण्यात प्रवेशाची परवानगी कोणत्या कारणांसाठी द्यावी, हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमात सांगितले आहे. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि तेथील रहिवाशांशी असलेले कायदेशीर काम ही ती कारणे होत. शर्यतीचा त्यात उल्लेख नाही. ‘पर्यटन’ या शब्दाच्या आडोशाने शर्यत आत नेता येईलही. परंतु पळवाट शोधून धावावे असे ते ठिकाण नव्हे. अभयारण्ये वगळून, गावालगतच्या राखलेल्या वनांचाच विचार करणे शहाणपणाचे ठरेल.

राखणदार कोण?

येथेच मूळ प्रश्न उभा राहतो. ही राखलेली वने राखली कोणी?

धुळे जिल्ह्यापुरते उत्तर द्यावयाचे तर साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाकडे बोट दाखवावे लागते. उजाड झालेल्या डोंगरावर, झरे आटू लागलेले असताना, या गावाने १९९० नंतरच्या दशकात चैतराम पवार यांच्या पुढाकाराने स्वतःसाठी नियम केले. झाड तोडणाऱ्यास दंड, राखणीस माणसे, पाणी अडविण्यासाठी श्रमदान असे ते साधे नियम होते. मात्र ते पाळले गेले. सुमारे ४०० हेक्टर वन त्यातून पुन्हा उभे राहिले. तेथील स्त्रिया रानभाज्या रांधून आणतात आणि त्यांची स्पर्धा भरते. ती पाहावयास व चाखावयास दूरदूरचे लोक येतात. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक जुना वाद मिटलेला दिसेल. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असे मांडले, की सामायिक कुरणात प्रत्येक जण आपले एकेक जनावर वाढवीत जातो आणि अखेरीस कुरणच संपते. सबब सामायिक मालमत्ता खाजगी तरी करावी किंवा सरकारच्या ताब्यात तरी द्यावी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील गावांची उदाहरणे तपासून दाखविले, की तिसरा मार्गही आहे. वापरणारे लोक स्वतःच हद्द आखतात, नियम करतात, देखरेख ठेवतात आणि मोडणाऱ्यास पायरीपायरीने दंड करतात. तेथे कुरण टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बारीपाड्याने हे पुस्तकात वाचून केले नाही. पण केले ते हेच.

आता रानदौडीच्या संयोजकाला काय लागते ते आठवावे: हद्द, नियम, देखरेख आणि मोडणाऱ्यास रोखण्याचा अधिकार. हे सारे वन राखणाऱ्या गावाकडे आधीपासूनच असते. कोणता ओढा कधी आटतो, कोठे मधमाश्यांचे आग्यामोहोळ लोंबते, कोणती वाट रात्री टाळावी, हे ज्ञानही तेथेच असते. गान्सूच्या मेंढपाळाला योगायोगाने जे करावे लागले, ते येथे रीतसर आणि आधीपासून करता येईल.

तेव्हा सूत्र एकच असावे: स्पर्धेचे यजमानपद वन राखणाऱ्या ग्रामसभेकडे आणि संयोजकांची भूमिका तिच्या कारभाऱ्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आपल्या वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. ती ‘नाही’ म्हणाली तर विषय संपला. आणि ‘हो’ म्हणाली तर किती माणसे, कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यात, हे तिने ठरवावे.

हिशेब

पैशांचा हिशेब मांडला म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होईल. समजा, २०० स्पर्धक आले आणि प्रत्येकाने १५०० रुपये भरले. तीन लाख रुपये जमले. प्रचलित पद्धतीत यातील बहुतेक रक्कम पदके, छापील बनियने, कमानी आणि ध्वनिक्षेपक यांवर, म्हणजे शहरातील कंत्राटदारांकडे जाईल. गावाच्या वाट्याला पाणी वाटण्याची एका दिवसाची मजुरी आणि दुसऱ्या दिवशी वेचावयाच्या प्लास्टिकच्या बाटल्या येतील. लाभ एकाचा आणि झीज दुसऱ्याची, अशा व्यवहाराला अर्थशास्त्रात नाव आहे. गावच्या भाषेत त्याला सरळ लूट म्हणतात.

याउलट पदके कमी करावीत, बनियने वगळावीत आणि ध्वनिक्षेपक तर आणूच नयेत. शुल्काचा निम्मा वाटा स्पर्धेपूर्वीच ग्रामसभेच्या खात्यावर जमा व्हावा. जाळरेषा काढणे, बंधारे दुरुस्त करणे, राखणदारांचे मानधन देणे यांवर तो खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब चावडीवर लागावा. धावपटूंनी आपला पेला आपल्याबरोबर आणावा. जेवण गावातील स्त्रियांच्या गटाने रांधलेले असावे. नागलीची भाकरी आणि रानातली भाजी यांना खपण्यासाठी जाहिरात लागत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. जेथे पिण्याच्या पाण्याची भ्रांत आहे अशा जिल्ह्यात श्रीमंतांच्या हौशीचे हे कौतुक कशाला? उत्तर असे, की हौस येणारच आहे. ती पाहुणी म्हणून यावी की मालकीण म्हणून, एवढेच ठरविणे हाती आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाहेरच्यांच्या करमणुकीसाठी आदिवासी गाव हे प्रदर्शन होऊन बसेल, हे भय निराधार नाही. मेक्सिकोतील रारामुरी आदिवासी १९९३ आणि १९९४ साली अमेरिकेतील लेडव्हिल येथील शंभर मैलांच्या दौडीत टायरच्या वहाणा घालून धावले आणि दोन्ही वर्षी जिंकले. जग थक्क झाले. पण त्यांच्या नावाने व्यवहार इतरांनीच केला आणि त्यांचे तेथील जाणे लवकरच थांबले. ज्याच्या पायांचे कौतुक होते त्याच्या हाती सूत्रे नसली, की असेच घडावयाचे.

म्हणून आणखी एक अट हवी. यजमान गावाच्या आणि तालुक्याच्या मुलामुलींना प्रवेश विनामूल्य असावा आणि त्यांच्यासाठी दहा-पंधरा किलोमीटरची वेगळी दौड असावी. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या उतारांवर तसे पाय आणखीही असतील. त्यांची गाठ घड्याळाशी पडावयास हवी.

आणि दोंडाईच्याच्या रस्त्यावर पहाटे धावणारी ती मुले? १६०० मीटरच्या परीक्षेत दोन-चार सेकंदांनी मागे पडलेला मुलगा स्वतःला नापास समजून घरी बसतो. रानदौडीत त्याला निराळी मोजपट्टी मिळेल. तेथे पहिल्या येणाऱ्याला टाळ्या मिळतात. परंतु स्पर्धा चांगली झाली की वाईट हे ठरते शेवटच्या धावपटूवरून. तो सुखरूप परतला का, त्याच्या मागून कोणी चालत होते का, आणि तो परतल्यावर रान पूर्वीसारखेच उरले का, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच ही दौड खानदेशात यावी.