'कृपा' आणि 'कर्तृत्व' : मराठी ख्रिस्ती विचारातील एका शब्दाचा अर्थ



अक्कलकोटमध्ये राहणाऱ्या किंवा तेथे दर्शनास जाणाऱ्या कोणालाही 'कृपा' हा शब्द नवा नाही. श्री स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिराकडे निघालात की दुकानांच्या पाट्यांवर, रिक्षांच्या काचांवर, घरांच्या नावांत तो भेटत राहतो. गावातील लिंगायत शेजाऱ्यांकडे गेलात तर अष्टावरणांपैकी एक म्हणून 'प्रसाद' या शब्दाला केवढे वजन आहे, हेही जाणवते. त्यामुळे ख्रिस्ती धर्मविचारातील 'कृपा' समजून घेताना आपली अडचण अपरिचयाची नसून अतिपरिचयाची आहे. ओळखीचा शब्द आपण थांबून ऐकत नाही.

अक्कलकोटच्या एका संपर्कसत्रात मी या शब्दाचा अर्थ सांगत असताना, दिवसभर दुकान सांभाळून रात्री अभ्यास करणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले, "मॅडम, म्हणजे हे ग्रेस मार्कांसारखेच ना?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. इंग्रजीतील 'ग्रेस' हा शब्द लॅटिन 'ग्रातिया'वरून आला, आणि बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'खारिस' लॅटिनमध्ये या 'ग्रातिया'नेच भाषांतरित झाला. मराठी बायबलात त्याच ठिकाणी 'कृपा' येते. म्हणजे परीक्षेतील 'ग्रेस' आणि पौलाच्या पत्रांतील 'कृपा' हे नात्यातलेच शब्द होत. फरक कोठे आहे? परीक्षेत ग्रेस गुण मिळण्यासाठी उत्तीर्णतेच्या जवळपास तरी यावे लागते. पस्तीसपैकी बत्तीस स्वतःचे, वरचे तीन विद्यापीठाचे. पौलाला हा हिशेबच मान्य नाही. रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत त्याचे प्रतिपादन असे की, नियमशास्त्राच्या पालनाने कोणीही देवापुढे नीतिमान ठरत नाही. बत्तीसवाला आणि दोनवाला दोघेही एकाच रांगेत उभे आहेत, आणि दोघांनाही जे मिळते ते संपूर्णतः दान म्हणून मिळते. कृपा ही कमी पडलेल्या कर्तृत्वाची भरपाई नव्हे, असा याचा अर्थ.

या मुद्द्यावरून ख्रिस्ती जगात शतकानुशतके वाद झाले. मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने सदाचरणी होऊ शकतो, असे पेलाजियस म्हणत असे. ऑगस्टीनने (३५४-४३०) त्याला कडाडून विरोध केला, आणि ४१८ मधील कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरवले. पुढे १५१७ पासून लूथरने हाच प्रश्न पुन्हा पेटवला व पश्चिमेकडील चर्च दुभंगले. लूथरपंथीय व रोमन कॅथलिक यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या त्या १९९९ मध्ये! तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. मराठीच्या अभ्यासकाला अधिक रस असावा तो, हा विचार मराठीत उतरताना काय घडले, यात.

'तारण' हा शब्द पाहा. पतसंस्थेच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' असे आपण रोज वाचतो. तेथे तारण म्हणजे कर्जदाराने स्वतःजवळचे काहीतरी गहाण ठेवणे. ख्रिस्ती मराठीत मात्र 'तारण' म्हणजे पापातून सुटका, उद्धार. आणि तो करणारा 'तारणारा'. गंमत अशी की पतसंस्थेत ज्याच्याजवळ ठेवायला काही नाही त्याला दारातूनच परत जावे लागते, आणि ख्रिस्ती अर्थाचे तारण सुरूच होते ते 'माझ्याजवळ ठेवण्यासारखे काही नाही' या कबुलीपासून.

आता व्याकरणाकडे वळू. 'मिळवणे' आणि 'मिळणे' ही क्रियापदांची जोडी मराठीत फार बोलकी आहे. 'मी पदवी मिळवली' या वाक्यात करणारा 'मी' आहे. 'मला पदवी मिळाली' म्हटले की तोच 'मी' चतुर्थीत जातो; तो करणारा न राहता घेणारा होतो. मराठी ख्रिस्ती भक्त 'मी तारण मिळवले' असे सहसा म्हणत नाही. तो 'माझे तारण झाले' किंवा 'मला तारण मिळाले' असे म्हणतो. 'मी'ला कर्तेपदावरून खाली उतरवण्याची ही सोय आपल्या भाषेत आयतीच आहे.

हे सारे पुस्तकी वाटत असेल तर पंडिता रमाबाईंकडे (१८५८-१९२२) पाहावे. कर्तृत्व या शब्दाचे मूर्तिमंत उदाहरण शोधायचे तर एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात त्यांच्याइतके ठळक नाव क्वचितच सापडेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह त्यांच्या कुटुंबाने तीर्थयात्रा, उपवास, दानधर्म, पुराणपठण यांत वर्षानुवर्षे घालवली, आणि १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या काळात आईवडील व थोरली बहीण दगावली. पुण्यसंचयासाठी जे जे करता येईल ते या घराने केले होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरविले. १८८२ मधील 'स्त्रीधर्मनीति'त त्यांनी स्त्रियांना विद्या आणि उद्योग यांच्या बळावर उन्नती करून घेण्याचा उपदेश केला. पुढील वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट येथे संपत नाही, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती येथूनच सुरू होते. १९०७ च्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर बरीच वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीला पटलेले होते, विधी झाला होता, शारदा सदनासारखी (१८८९) संस्थाही उभी राहिली होती. मनाला स्वस्थता मात्र नव्हती. ती आली १८९० नंतरच्या काळात, जेव्हा त्यांना उमगले की तारणासाठी जात, लिंग, स्वतःची कृत्ये किंवा कोणा माणसाचा आधार यांपैकी कशावरही विसंबायचे नाही. देव ते विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाला फुकट देतो. असंख्य जन्ममरणांच्या फेऱ्यांतून पात्र होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही, याचा त्यांना झालेला आनंद त्या निवेदनात स्पष्ट दिसतो.

या यादीतील 'जात' आणि 'लिंग' हे दोन शब्द घाईने ओलांडू नयेत. पात्रता सिद्ध करण्याची संधीच ज्यांना नाकारली गेली, त्या बालविधवेला किंवा दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीला 'पात्रतेची अट नाही' हे वाक्य वेगळेच ऐकू येते. माझ्या मते रमाबाईंच्या कृपाविचाराचा सामाजिक गाभा येथे आहे. केवळ धर्मशास्त्राच्या चौकटीत वाचल्यास तो निसटतो.

मग त्या हात जोडून बसून राहिल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुलींना आणले, केडगावला मुक्ती सदन उभे केले, शेती, विणकाम, छपाई सुरू केली. हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम अखेरच्या दिवसांपर्यंत चालवले. श्रम कमी झाले नाहीत, त्यांची जागा बदलली. आधी श्रम हे कशासाठी तरी भरलेले मोल होते. नंतर ते मिळालेल्या गोष्टीतून उगवू लागले. नव्या करारातच याकोबाचे पत्र कृतीविना विश्वास निर्जीव असल्याचे बजावते, ते या संदर्भात वाचावे.

रमाबाईंना भाषांतरात जड संस्कृत धार्मिक शब्द नकोसे होते. उलट १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक भक्तिपरंपरेचे शब्द आणि अभंगाचा छंद आनंदाने वापरतात. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. एकच कृपा सांगण्याच्या या दोन मराठी रीती आहेत.

दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्येही हा वाद आहे. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, मांजरच त्याला तोंडात धरून नेते. मर्कटकिशोर न्याय आणि मार्जारकिशोर न्याय ते हेच. पौल मांजरीच्या बाजूचा, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. दुकानदार गृहस्थांना मी हा दृष्टान्त सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "पण मॅडम, पिल्लू सुटायला धडपडले नाही पाहिजे, एवढे तरी त्याने करायला हवे ना?" ऑगस्टीननंतरचे कित्येक पंडित नेमक्या याच ठिकाणी अडले आहेत, असे मी त्यांना सांगितले, आणि आमचे सत्र त्या दिवशी वीस मिनिटे लांबले.

स्वयंअध्ययनासाठी : तुमच्या घरात किंवा गावात 'कृपेने', 'आशीर्वादाने', 'पुण्याईने' हे शब्द कोणकोणत्या वाक्यांत वापरले जातात, याची आठवडाभर नोंद ठेवा. प्रत्येक वाक्यात 'मी' कर्ता आहे की चतुर्थीत आहे, हे पाहा, आणि 'मिळवणे' व 'मिळणे' यांपैकी कोणते क्रियापद तेथे चालते, ते लिहा.