वसई-विरारच्या विद्यार्थ्याचा दिवस : प्रवास, छंद आणि स्वतःशी संवाद

प्रस्तावना

विद्यार्थी हा उच्च शिक्षणाचा केंद्रबिंदू आहे, असे आपण अध्यापक नेहमी म्हणतो. प्रत्यक्षात मात्र तो आपल्याला हजेरीपटावरील अनुक्रमांक, उत्तरपत्रिकेवरील बैठक क्रमांक आणि तासाच्या पंचेचाळीस-पन्नास मिनिटांतील श्रोता एवढ्याच रूपांत भेटतो. वर्गाबाहेरचा त्याचा दिवस कसा जातो, त्याला कशाची आवड आहे, तो स्वतःविषयी काय विचार करतो, हे सहसा आपल्या नोंदीत येत नाही. प्रस्तुत लेखात वसई-विरार परिसरातील पदवी स्तरावरील विद्यार्थ्याच्या दैनंदिन जीवनाचा या तीन अंगांनी विचार केला आहे. ही मांडणी अध्यापन करताना केलेल्या निरीक्षणांवर आधारलेली आहे. ती सर्वेक्षण नव्हे. विद्यार्थ्याच्या वेळेचा हिशोब समजून घेतल्याशिवाय त्याच्या अभ्यासाचे मूल्यमापन न्याय्य होऊ शकत नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

दिवसाची चौकट

वसई-विरारचे जीवन रेल्वेने घडविले आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी गाडी सुरू झाली, तेव्हा दिवसातून जाणारी एक आणि येणारी एक एवढीच सेवा होती. १९३६ मध्ये बोरिवली-विरार मार्गाचे विद्युतीकरण झाले. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत पोहोचली. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व लगतची गावे मिळून महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात होती. १ ऑगस्ट २०१४ पासून हा परिसर पालघर जिल्ह्यात आहे. परंतु येथील विद्यार्थ्याच्या मनातील दिशा आजही 'चर्चगेटकडे' आणि 'विरारकडे' अशा दोनच आहेत.

या परिसरात आज चांगली महाविद्यालये आहेत आणि अनेकांचे शिक्षण घराजवळच होते. तरीही विशिष्ट विषयासाठी, नामांकित संस्थेसाठी किंवा विद्यानगरीतील पदव्युत्तर विभागासाठी मुंबईकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. अशा विद्यार्थ्याचा दिवस पहाटे सुरू होतो. पश्चिमेकडील वाडीत राहणारा विद्यार्थी घरच्यांबरोबर सोनचाफ्याची किंवा मोगऱ्याची फुले खुडून मग स्टेशन गाठतो. अर्नाळा किंवा पाचूबंदरच्या कोळीवाड्यातील मुलीला आई मासळी घेऊन बाजारात जाण्यापूर्वी घरकामाला हातभार लावावा लागतो. नालासोपाऱ्याच्या चाळीतील विद्यार्थी महाविद्यालयातून परतताना शिकवणी घेतो किंवा दुकानात अर्धवेळ काम करतो. तिघांच्या परिस्थितीत फरक असला तरी तिघांच्याही दिवसाला आकार देते ते गाडीचे वेळापत्रकच.

अनोंदित तास

येथे एक साधे गणित मांडणे उपयुक्त ठरेल. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाचे किमान ४० श्रेयांक म्हणजे १२०० अध्ययन-तास होत. एका श्रेयांकामागे ३० तास. या तासांत वर्गातील अध्यापनाबरोबर स्वाध्यायही गृहीत धरलेला आहे. आता नालासोपाऱ्याहून सांताक्रूझला उतरून विद्यानगरीत किंवा पुढे चर्चगेट परिसरात जाणारा विद्यार्थी घेऊ. रिक्षा, फलाटावरची प्रतीक्षा, गाडी आणि पुन्हा बस असे धरून त्याचे रोजचे तीन तास सहज जातात. वर्षातील किमान १८० अध्यापन-दिवसांचा हिशोब केला तर हे ५४० तास होतात. श्रेयांकांच्या भाषेत ते १८ श्रेयांक, म्हणजे जवळजवळ एका सत्राचा अभ्यास. हे १८ श्रेयांक कोणत्याही गुणपत्रिकेवर उमटत नाहीत.

हा सर्व वेळ वाया जातो असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. डब्यातील ठरलेला गट, चौथ्या सीटवर आळीपाळीने बसण्याचा अलिखित करार, सणाला डबा सजविणे, भजनी मंडळींचा गजर, यांतून विद्यार्थी समाजव्यवहार शिकतो. विद्यार्थिनींच्या बाबतीत महिलांच्या डब्याला विशेष महत्त्व आहे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिला विशेष गाडी सुरू झाली आणि १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. मुलीला 'लांब' शिकायला पाठविण्यास कचरणाऱ्या पालकांना अशा सोयींनी धीर दिला. उलटपक्षी, दाराशी लोंबकळण्याचा धोका, उभ्याने केलेला प्रवास आणि सायंकाळचा थकवा यांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसई पट्ट्यात रुळांवर पाणी साचून वाहतूक ठप्प झाली होती. अशा दिवसांची गैरहजेरीही ७५ टक्क्यांच्या अटीत मोजली जाते, तेव्हा विद्यार्थी निसर्गाचा दंड स्वतः भरत असतो.

छंद : उरलेला वेळ की राखून ठेवलेला वेळ?

अशा दिवसात छंदाला जागा कोठून मिळते? छंद म्हणजे फावल्या वेळाचा उद्योग, ही आपली रूढ कल्पना. येथील विद्यार्थ्याजवळ फावला वेळ जवळजवळ नसतोच. म्हणून तो जो छंद जोपासतो त्यासाठी त्याने झोपेतून किंवा विश्रांतीतून वेळ काढलेला असतो. त्यामुळे छंदाकडे त्याच्या स्वतंत्र निवडीचा पुरावा म्हणून पाहावयास हवे.

या भूमीने छंदाला विषयही भरपूर दिले आहेत. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मे १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला वसईचा किल्ला आणि त्यातील चर्चचे भग्नावशेष छायाचित्रण व रेखाटनासाठी विद्यार्थ्यांना खेचून घेतात. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनित केला. इतिहासाचा विद्यार्थी तेथे गेला की 'शूर्पारक' हा पुस्तकातील शब्द त्याच्या घरच्या पत्त्याशी जोडला जातो. तुंगारेश्वर अभयारण्यातील पायवाटा आणि मिठागरांवरील पक्षी यांमुळे कोणी पक्षिनिरीक्षक होतो. कोणी लग्नाच्या बँडमध्ये वाद्य वाजवितो, कोणी आजीच्या तोंडचे सामवेदी बोलीतील, म्हणजेच कादोडीतील, शब्द भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून ठेवतो. हा शेवटचा छंद करणाऱ्याला आपण भाषाविज्ञानाचे क्षेत्रकार्य करीत आहोत, याची जाणीवही नसते. ती करून देणे हे अध्यापकाचे काम आहे.

राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवी अभ्यासक्रमाच्या रचनेत सहअभ्यासक्रमांना श्रेयांक दिले. क्रीडा, योग, सांस्कृतिक उपक्रम, राष्ट्रीय सेवा योजना यांना गुणपत्रिकेत स्थान मिळाले, हे स्वागतार्ह आहे. परंतु त्यात एक धोकाही आहे. छंदाला गुण लागले की तो 'सादर' करावा लागतो. प्रमाणपत्र, छायाचित्र आणि अहवाल यांतच तो संपतो. ज्याचा छंद मूक आहे, उदाहरणार्थ वाचन, रेखाटन किंवा शब्दसंग्रह, तो या चौकटीत मागे पडण्याची शक्यता अधिक.

स्वतःशी संवाद

विद्यार्थ्याच्या लहानसहान मनोगतांना वाङ्मयीन मोल असू शकते, हे मराठीला नवीन नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीने खानदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या तरुणाचे वसतिगृहजीवन केंद्रस्थानी आणले आणि तिचा एक भाग रोजनिशीच्या रूपात लिहिला गेला. तेथील नायकाजवळ रिकामा वेळ मुबलक होता. आपल्या विद्यार्थ्याजवळ तो नाही. वसतिगृहातील विद्यार्थी घरापासून दूर असतो, तर गाडीने येणारा विद्यार्थी घर आणि महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी अर्धाच पोहोचलेला असतो. घरी तो उशिरा येतो, महाविद्यालयातून लवकर निघतो. स्नेहसंमेलनाच्या तालमीतून 'सर, सात बावन्नची पकडायची आहे' म्हणत निघणारा विद्यार्थी निरुत्साही असतोच असे नाही.

त्याचे आत्मचिंतन मग गाडीतच घडते. कानात हेडफोन आणि नजर वसईच्या खाडीवर, अशा अवस्थेत तो भ्रमणध्वनीवर चार ओळी टिपून ठेवतो. मार्च २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या आणि वर्ग ऑनलाइन भरू लागले, तेव्हा प्रवासाचे तास परत मिळाले. पण दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळाला नाही. गर्दीतला प्रवास हाच आपला एकांत होता, असे त्यानंतर काही विद्यार्थ्यांनी बोलून दाखविले. हे विधान विचारात घेण्यासारखे आहे.

अध्यापकांसाठी काही सूचना

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सुचविता येतात. एक, वेळापत्रक आखताना एका विद्यार्थ्याचे तास सलग असावेत. मधला रिकामा तास आणि दिवसाअखेरचा एकच तास त्याला महाग पडतो. दोन, रेल्वे सवलतीच्या अर्जांवरून कोणता विद्यार्थी कोठून येतो ही माहिती कार्यालयाजवळ असतेच. ती मार्गदर्शक अध्यापकांपर्यंत पोहोचावी. तीन, गाड्या बंद पडलेल्या दिवसांच्या हजेरीबाबत विभागाने सत्रारंभीच एकसमान धोरण ठरवावे. चार, भाषा विषयांच्या वर्गात आठवड्यातून एकदा दहा मिनिटे, गुण न देता, मुक्त लेखनासाठी ठेवावीत. ते अध्यापकाने तपासू नये; विद्यार्थ्याने स्वेच्छेने दाखविले तरच वाचावे.

समारोप

वसई-विरारच्या विद्यार्थ्याजवळ क्षमतेची उणीव नाही. उणीव आहे ती त्याच्या हक्काच्या वेळेची. समान प्रश्नपत्रिका ही समान संधीची हमी नसते, कारण उत्तर लिहिण्यापूर्वीचे तास सर्वांना सारखे मिळालेले नसतात. ५४० तासांचा प्रवास आपण कमी करू शकणार नाही. मात्र त्याची नोंद घेणे, त्याच्या छंदाला विषयाशी जोडून देणे आणि त्याच्या लेखनासाठी दहा मिनिटे मोकळी ठेवणे एवढे निश्चितच आपल्या अधिकारात आहे. त्यासाठी नव्या योजनेची वा निधीची आवश्यकता नाही. पुढील सत्राच्या वेळापत्रकापासून ते करता येण्यासारखे आहे.