ब्लूमिंग्टनला कोच हवा होता

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ओकच्या लाकडाची एक जुनी बादली आहे, पूर्वी विहिरीवर असायची तशी. इंडियाना आणि पर्ड्यू या दोन विद्यापीठांचा वार्षिक फुटबॉल सामना जो जिंकेल, त्याच्याकडे ती वर्षभर राहते. १९२५ पासूनचा हा रिवाज. बादलीला साखळी आहे आणि त्या साखळीत दरवर्षी विजेत्याच्या नावाचं एक ब्राँझचं अक्षर अडकवतात : इंडियानाचा ‘आय’ किंवा पर्ड्यूचा ‘पी’. बादलीसाठीचा पहिलाच सामना बरोबरीत सुटला, म्हणून साखळीची सुरुवात ‘आयपी’ अशा जोडाक्षरानं झाली आहे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी पर्ड्यूनं ३५-३१ अशी बाजी मारली आणि साखळीत आणखी एक पी पडला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, इंडियाना विद्यापीठानं आपले मुख्य प्रशिक्षक टॉम ॲलन यांना पदावरून काढलं. त्याच आठवड्याच्या गुरुवारी नवा माणूस ठरलासुद्धा.

चार दिवसांत कोट्यवधी डॉलरचा माणूस कसा काय निवडतात? घाईत उरकलेलं काम वाटतं ते. पण ही चार दिवसांची गोष्ट नीट उलगडून पाहिली, तर अमेरिकेतला कॉलेजचा खेळ नेमका कसा चालतो ते कळतं. पर्ड्यूत इंजिनिअरिंग शिकणारी मराठी मुलं कमी नाहीत. सप्टेंबरच्या शनिवारी अख्खं गाव एका रंगाचे शर्ट घालून स्टेडियमकडे का निघतं, हे त्यांनाही पहिल्या वर्षी कोडंच असतं.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड आणि शंभरच्या आसपास खेळाडूंचा संघ. नियमित हंगामात सामने फक्त बारा, आठवड्याला एक. त्यामुळे दोन-तीन पराभवांत वर्ष हातचं जातं. व्यावसायिक संघात खेळाडू आणायचं काम व्यवस्थापनाकडे असतं, कोचनं खेळवायचं. कॉलेजात मात्र खेळाडू कोचच आणतो. तोच सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांसमोर बसतो, शिष्यवृत्ती देऊ करतो आणि चार वर्षं मुलगा सांभाळायचा शब्द देतो. म्हणून कोच बदलला की मुलांना मिळालेला शब्दच अधांतरी होतो.

इंडियानाचा संघ पडेल कशाला म्हणतात याचा नमुनाच होता. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत तेव्हापर्यंत सर्वाधिक सामने हरलेला संघ हाच, सातशेहून अधिक पराभव. बिग टेन या आपल्या गटाचं विजेतेपद त्याआधी शेवटचं मिळालं होतं ते १९६७ साली, तेही इतरांबरोबर वाटून. विद्यापीठाचं गाव ब्लूमिंग्टन, आणि ते बास्केटबॉलचं. त्या खेळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं आणि फुटबॉलच्या मैदानावर रिकाम्या खुर्च्या.

ॲलन हे काही नालायक प्रशिक्षक नव्हते. मुलांवर त्यांचा जीव होता आणि ‘एकमेकांवर प्रेम करा’ हे त्यांचं घोषवाक्य होतं. कोविडमुळे आखूड झालेल्या २०२०च्या हंगामात संघानं आठांपैकी सहा सामने जिंकले. विद्यापीठ इतकं खूश झालं की २०२७ पर्यंतचा, वर्षाला सरासरी ४९ लाख डॉलरचा करार करून बसलं. पुढच्या तीन हंगामांत मिळून विजय आले नऊ.

इथे ‘बायआउट’ नावाचं कलम समजून घ्यायला हवं, कारण सगळं गाडं त्यावर अडतं. कोचला गैरवर्तनाशिवाय, निव्वळ हरतोय म्हणून काढायचं असेल, तर कराराच्या उरलेल्या वर्षांचा ठरलेला पैसा त्याला द्यावा लागतो. ॲलन यांच्या बाबतीत ही रक्कम होती २ कोटी ८ लाख डॉलर. दोन्ही बाजूंनी बोलणी करून ती १ कोटी ५५ लाखांवर आणली, दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं आणि पैसे देणगीदारांकडून उभे केले. त्याच महिन्यात टेक्सस ए अँड एम विद्यापीठानं जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा हा आकडा साडेसात कोटी डॉलरच्याही वर गेला होता. कोच कधी काढायचा, हे पराभवांच्या संख्येइतकंच या आकड्यावर ठरतं. संघ पडतोय हे सगळ्यांना दिसत असतं. त्याला घरी पाठवायचा खर्च कोण उचलणार, हे ठरेपर्यंत मात्र एखादं वर्ष निघून जातं.

आता शोध. तो रविवारी सुरू झाला असं समजायचं कारण नाही. प्रत्येक विद्यापीठाच्या क्रीडासंचालकाकडे संभाव्य नावांची यादी कायम तयार असते आणि शहाणा संचालक ती कोच जिंकत असतानाही ताजी ठेवतो. इंडियानाचे क्रीडासंचालक स्कॉट डॉल्सन. ते याच विद्यापीठाचे विद्यार्थी, तरुणपणी बास्केटबॉल प्रशिक्षक बॉब नाइट यांच्या संघाचं सामानसुमान, टॉवेल-पाणी सांभाळणारे विद्यार्थी व्यवस्थापक. एक जिंकणारा संघ त्यांनी फार जवळून पाहिला होता.

हव्या असलेल्या माणसाला थेट फोन सहसा करत नाहीत. तो दुसरीकडे करारानं बांधलेला असतो, त्याचा हंगाम चालू असतो, खेळाडूंना कुणकुण लागली तर तिथला संघ विस्कटतो. म्हणून मध्ये दोन माणसं असतात. विद्यापीठाच्या बाजूनं, मोठ्या पदांसाठी माणसं शोधून देणारी एखादी खासगी कंपनी. कोचच्या बाजूनं त्याचा एजंट. ‘तुमचा माणूस ऐकून घेईल का?’ एवढाच पहिला प्रश्न. दोघांनाही उद्या ‘आमचं काही बोलणं झालेलं नाही’ असं सांगता यायला हवं. मुलाखत कुठल्याशा हॉटेलच्या खोलीत, नाहीतर फोनच्या पडद्यावर. इकडे चाहते विद्यापीठाचं खासगी विमान कुठल्या गावी उतरलं ते इंटरनेटवर पाहत बसलेले असतात आणि त्यावरून नावं काढतात.

मग निवडायचं कुणाला? मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा टप्पा, आणि बहुतेक विद्यापीठं चुकतात तीही इथेच. साधारण तीन वाटा असतात. एक, मोठ्या संघाचा गाजलेला सहायक : हुशार, तरुण, पण अख्खा संघ कधी न चालवलेला. दोन, मोठ्या ठिकाणाहून बाहेर पडलेला नामांकित कोच. तीन, लहान विद्यापीठात जिंकत आलेला, फारसा कुणाला माहीत नसलेला माणूस. पहिल्या दोन वाटा देणगीदारांना आवडतात, कारण नाव सांगितलं की लोक माना डोलावतात. इंडियानानं तिसरी वाट धरली.

कर्ट सिग्नेटी तेव्हा ६२ वर्षांचे होते. त्यांचे वडील फ्रँक सिग्नेटी हेही नावाजलेले प्रशिक्षक. कर्ट यांनी अलाबामा विद्यापीठात नामवंत प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली चार वर्षं काढली, राष्ट्रीय विजेतेपद पाहिलं आणि मग, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते सोडून कितीतरी खालच्या श्रेणीच्या एका कॉलेजात मुख्य प्रशिक्षक झाले. तेही कमी पगारावर. पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावाचं नावही इंडियाना. त्यांचे वडील पूर्वी तिथेच कोच होते. तिथे सहा वर्षांत ५३ विजय. मग एलॉन नावाचं छोटं विद्यापीठ : आदल्या वर्षी दोनच सामने जिंकलेला संघ यांच्या पहिल्या वर्षी आठ जिंकला. मग व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्ग गावचं जेम्स मॅडिसन विद्यापीठ, पाच वर्षांत ६१ सामन्यांपैकी ५२ विजय. मुख्य प्रशिक्षक म्हणून पराभव जास्त आणि विजय कमी असा एकही हंगाम नाही.

सिग्नेटी खेळाडू निवडतात तेव्हा ‘पुढे काय करेल’ यापेक्षा ‘आजवर काय केलंय’ ते पाहतात. उंची, वेग, अंगकाठी यांपेक्षा मैदानावरची कामगिरी. डॉल्सन यांनी सिग्नेटींना निवडताना हीच फूटपट्टी त्यांना स्वतःला लावली, असं म्हणायला हरकत नाही. हा माणूस कुठेही गेला तरी संघ जिंकायला लागतो, ही नोंद समोर होती. मोठ्या गटात त्याला जमेल का, ही शंका रास्तच होती. पण तीन ठिकाणं बदलली आणि निकाल एकच राहिला, तर श्रेय ठिकाणाला देता येत नाही.

करार झाला सहा वर्षांचा, एकूण सुमारे २ कोटी ७० लाख डॉलरचा. अशा करारात पगाराशिवाय बरंच काही असतं. सहायक प्रशिक्षकांच्या पगारासाठी किती रक्कम, टिकून राहिल्याबद्दल दरवर्षीचा बोनस, ठरावीक विजयांवर वाढ आणि दोन्ही बाजूंचं बायआउट. कारण कोच स्वतः सोडून गेला तर त्यानंही भरपाई द्यायची असते, जी बहुधा नवं विद्यापीठ भरतं. सरकारी विद्यापीठ असल्यामुळे हे आकडे लोकांसमोर येतात. अनेक राज्यांत सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी नोकर हा फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोचच असतो. राज्यपाल त्याच्या जवळपासही नसतात.

१ डिसेंबर २०२३च्या संध्याकाळी बास्केटबॉलचा सामना चालू असताना नव्या कोचला मैदानात आणून त्याच्या हाती माइक दिला. गर्दी दुसऱ्याच खेळासाठी आलेली. चेहऱ्यावर हसू नसलेला हा माणूस उभा राहिला आणि त्यानं पर्ड्यूला, पाठोपाठ मिशिगन आणि ओहायो स्टेट या बलाढ्य संघांनाही सरळसरळ टाकाऊ म्हटलं. सभागृह दणाणलं. वर्षानुवर्षं मान खाली घालून बसलेल्या लोकांना कुणीतरी ‘आपण यांना हरवू शकतो’ असं तोंडावर सांगत होतं. पुढे तीन आठवड्यांनी, तुम्ही मुलांना कसं पटवता, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा उत्तर आलं : सोपं आहे, मी जिंकतो, गूगल करून बघा.

खरं काम मात्र माइक खाली ठेवल्यावर सुरू झालं. घाई का होती ते इथे कळतं. त्या वर्षी खेळाडूंना विद्यापीठ बदलता येणारं ‘ट्रान्सफर पोर्टल’ ४ डिसेंबरला उघडणार होतं आणि शाळकरी मुलांच्या सह्यांचा दिवस होता २० डिसेंबर. शिवाय कोच गेला की त्या संघातल्या मुलांना बाहेर पडायला वेगळी मुदत मिळते. म्हणजे नव्या कोचला एकाच पंधरवड्यात चार कामं : असलेल्यांपैकी हव्या त्यांना थांबवणं, शब्द दिलेल्या शाळकरी मुलांना धरून ठेवणं, बाहेरून खेळाडू आणणं आणि सहायकांची फळी उभी करणं. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्याला एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ पासून ती अट सैल झाली आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. त्यामुळे पडलेला संघ उभा करायला जिथे चार-पाच वर्षं लागायची, तिथे आता एक वर्ष पुरू शकतं. पण त्यासाठी पैसा आणि ओळखीची माणसं हवीत.

सिग्नेटींनी माणसं बरोबर आणली. बचावाचे प्रमुख ब्रायंट हेन्स आणि आक्रमणाचे प्रमुख माइक शॅनहन हे जुनेच सहकारी. पाठोपाठ जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू आले. मोठ्या विद्यापीठांनी ज्यांच्याकडे वळून पाहिलं नव्हतं अशी ही मुलं. त्यांना कोचची शिस्त माहीत होती, सरावाची पद्धत माहीत होती. नव्या घरात जुन्या माणसांनी चूल पेटवावी, तसं त्यांनी बाकीच्यांना सामावून घेतलं.

२०२४ साली या संघानं नियमित हंगामात बारापैकी अकरा सामने जिंकले. बादलीचा सामना ६६-० असा झाला. दुसऱ्या दिवशी पर्ड्यूनं आपल्या कोचला काढलं.

२०२५ साली तर एकही सामना हरला नाही. कॅलिफोर्नियाहून पोर्टलमार्गे आलेला, संघाचं आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा याला देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला. १९ जानेवारी २०२६ रोजी मायामीला २७-२१ असं हरवून इंडियाना राष्ट्रीय विजेता झाला, १६-०. त्या सामन्यात मायामीनं मारलेली एक किक मिकेल कमारानं अंग झोकून अडवली, चेंडू मागे उडाला आणि त्यावर इंडियानाचे गुण झाले. कमारा हा त्या तेरांपैकी एक.

मधल्या काळात विद्यापीठाला झोप नव्हती. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठानं आपले कोच जेम्स फ्रँकलिन यांना काढलं. सिग्नेटी मूळचे त्याच राज्यातले, साहजिकच त्यांचं नाव लगेच पुढे आलं. चार दिवसांत इंडियानानं त्यांच्याशी आठ वर्षांचा, सुमारे ९ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. यशाच्या शिखरावर लांब मुदतीचा करार करणं ही ॲलन यांच्या वेळची चूक, आणि तीच पुन्हा केली असं कुणी म्हणेल. पण दुसरा मार्गही नव्हता. न करावा तर माणूस जातो, करावा तर उद्या हरला की तोच आकडा अंगावर येतो.

पेन स्टेटचा शोध मात्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबला. तोवर सह्यांचा दिवस येऊन गेला आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मुलं उरली होती. काही तर फ्रँकलिन यांच्यामागून त्यांच्या नव्या विद्यापीठात, व्हर्जिनिया टेकला गेली. फ्रँकलिन यांना नोकरी लागल्यामुळे त्यांचं सुमारे ४ कोटी ९० लाखांचं देणं तडजोडीनं ९० लाखांवर आलं, एवढाच काय तो दिलासा.

आणि हॅरिसनबर्ग? हा खेळ खो-खोसारखा आहे. एकाला खो मिळाला की त्याची जागा रिकामी होते. सिग्नेटी गेल्यावर जेम्स मॅडिसननं होली क्रॉस या आणखी लहान कॉलेजातून बॉब चेस्नी यांना आणलं. तिथलीही नोंद पाहूनच. सिग्नेटींबरोबर तेरा मुलं गेली होती, तरी चेस्नी यांनी दोन वर्षांत संघ पुन्हा बांधला आणि २०२५ साली थेट राष्ट्रीय बाद फेरीत नेला. त्याच डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा, आपल्या पडलेल्या संघासाठी, त्यांना फोन आला. ते गेले. हॅरिसनबर्गला पुन्हा यादी बाहेर निघाली.