खोटा पाद्री, खरा भटजी

चोर दानाचे पैसे लुटायला चर्चमध्ये शिरतो. पाद्री आडवा येतो आणि चोराच्या गोळीला बळी पडतो. इतक्यात सैनिक येऊन ठेपतात. त्यांना फौजेसाठी धर्मोपदेशक हवाय. पगार महिना पन्नास डॉलर! चर्चमध्ये उभा आहे तो पाद्रीच असणार, असं ते धरून चालतात. चोर तरी कशाला नाही म्हणतोय? मेलेल्याचं नाव घेऊन तो निघतो लढाईवर...

‘एचबीओ’वरच्या ‘द राइटियस जेमस्टोन्स’ या विनोदी मालिकेच्या चौथ्या पर्वाची ही सुरुवात. ९ मार्च २०२५ रोजी दाखवलेल्या या भागातला काळ आहे १८६२चा, अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. चोर झालाय ब्रॅडली कूपर. हा एलाय्जा जेमस्टोन म्हणजे त्या घराण्याचा मूळपुरुष. पुढे दीडशे वर्षांनी त्याचे वंशज हजारोंच्या गर्दीपुढे प्रवचनं देतात, तीन-तीन खासगी विमानं बाळगतात आणि त्यांची नावं ठेवतात पिता, पुत्र व पवित्र आत्मा! थोरला मुलगा नशापाण्याच्या पार्टीच्या व्हिडिओपायी ब्लॅकमेल होतो, भावंडं गादीसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटतात आणि म्हातारा बाप कपाळाला हात लावतो. २०१९ ते २०२५ अशी चार पर्वं ही भानगड चालली.

आता जरा झाशीकडे वळूया. एलाय्जाच्या गोष्टीच्या चारच वर्षं आधी, १८५८च्या मार्च-एप्रिलमध्ये, झाशीच्या वेढ्यात एक धर्मपुरुष सापडला होता. हा मात्र अस्सल. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज साचलेलं. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी आली. काका रामभटांना बरोबर घेऊन १८५७ साली हे निघाले. वाटेत महूजवळ बंडाच्या आगीची चाहूल लागली, तरी पाय मागे वळले नाहीत. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकात भटजींनी हे सारं आडपडदा न ठेवता सांगितलंय. धर्मकार्य, तीर्थयात्रा वगैरे ठीक. पण निघालो ते पैशासाठी, हे ते लपवत नाहीत. आजच्या किती प्रवचनकारांना हे जमेल?

आपल्या यजमानांबद्दलही भटजींची लेखणी हात राखून चालत नाही. झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर नाटकाचे शौकीन. ते बायकांचा वेष करीत, वेणी घालीत, हे भटजींनी चवीनं लिहिलंय. इंग्रज अधिकाऱ्यानं त्याचं कारण विचारलं, तेव्हा राजानं दिलेलं उत्तरही नोंदवलंय. तुम्ही इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या सगळ्याच राजांना बांगड्या भरल्यात, मग मी त्या घातल्या तर बिघडलं कुठं, अशा अर्थाचं! किस्सा खरा किती आणि झाशीतल्या कट्ट्यांवर रंगलेला किती, कोण सांगणार? पण राजाची टवाळी सांगता-सांगता भटजी राज्यांच्या दुबळेपणावर नेमकं बोट ठेवून जातात.

राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयानं भटजींना झाशीत चांगली दक्षिणा मिळाली. मग सर ह्यू रोजचा वेढा पडला. एप्रिलच्या सुरुवातीला गोरे शहरात शिरले. कत्तल, आग आणि लूट. लुटीचीही एक पद्धत होती. आधी सोनं-नाणं, मग तांब्या-पितळेची भांडी, शेवटी कापडचोपड आणि धान्यदेखील. जीव मुठीत धरून लपलेल्या भटजींचं गाठोडं त्यात गेलं. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह जाळल्याची हळहळ मात्र त्यांच्या लिखाणात स्वतःच्या पैशांपेक्षा जास्त जाणवते. पोटार्थी भटजी होता खरा, पण पोथीची किंमत ओळखणारा!

तिकडे एलाय्जाही शत्रूच्या हाती सापडतो. बाकीच्या कैद्यांना गोळ्या घातल्या जातात, हा पाद्री म्हणून बचावतो. खोट्याला पदानं तारलं. इकडे खऱ्याला जानवं-शेंडीनं लुटीतून वाचवलं नाही. त्या पदाचा मान राखला तो एका विहिरीवर. झाशीतून निसटलेल्या राणीची आणि भटजींची काल्पीच्या वाटेवर गाठ पडली. राणी तहानलेली. भटजी पाणी काढायला सरसावले, तर आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, असं म्हणून तिनं स्वतःच दोर हाती घेतला. राज्य गेलेली राणी आणि दक्षिणा गेलेला भटजी. हा प्रसंग वाचताना हसू येत नाही.

हसू न येण्याच्या जागा आणखीही आहेत. जेमस्टोन कुटुंब ऑगस्ट २०१९मध्ये पडद्यावर आलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८मध्ये, आसाराम बापूला अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराबद्दल जोधपूरच्या न्यायालयानं जन्मठेप दिली होती. २०१९मध्ये त्याचा मुलगा नारायण साई याला सुरतच्या न्यायालयानं, बलात्काराच्याच गुन्ह्यात, तीच शिक्षा दिली. बापलेकांच्या या कहाणीवर विनोदी मालिका काढायला कोण धजेल? आणि धजला, तर तक्रार करायला पुढं आलेल्या मुलींना ती कशी वाटेल? अमेरिकन मालिका हुशारीनं पैसा, हेवेदावे आणि ढोंग यांच्याच अवतीभवती फिरते.

तिचा कर्ता डॅनी मॅकब्राइड घरचाच भेदी. बाप्टिस्ट घरात वाढलेला. त्याची आई चर्चमध्ये बाहुल्यांचे खेळ करून मुलांना धर्माच्या गोष्टी सांगायची. म्हणूनच श्रद्धेची टर न उडवता तो दुकानदारीचं माप काढू शकतो. भटजींचंही तेच. ब्राह्मणांचा लोभ, दक्षिणेची घासाघीस, राजवाड्यातल्या कुजबुजी त्यांना माहीत होत्या, कारण ते पंगतीतच बसलेले होते.

बाहेरच्यांना मात्र घरच्या माणसाचं हे बोलणं पचत नाही. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून भटजींनी आठवणी लिहून काढल्या, पण इंग्रजांच्या भीतीनं छापायच्या त्या आपल्या मागे, असं ठरलं. पुस्तक १९०७ साली निघालं, तेही वैद्यांनी काटछाट करून आणि भाषा घासूनपुसून. भटजींचा मूळ, खडबडीत मजकूर वाचायला मिळाला तो दत्तो वामन पोतदारांनी संपादित केल्यावर, १९६६ साली.

भटजी वरसईला परतले ते कर्ज फेडण्याजोगं काहीही न घेता. खांद्यावर कावड होती, गंगेच्या पाण्याची. त्या पाण्यानं त्यांनी आई-वडिलांना स्नान घातलं.