पाटीवरचा लाल प्लस कोणाचा?

टिटवाळा स्टेशनवर उतरून महागणपतीच्या देवळाकडे निघालं, की इतर कुठल्याही गावातल्यासारखीच इथेही दवाखान्याच्या पाटीवर, औषधाच्या दुकानावर, डॉक्टरांच्या गाडीच्या काचेवर पांढऱ्यावर लाल ‘प्लस’ शोधावा लागत नाही. हे डॉक्टरांचं चिन्ह, असं आपण धरून चालतो. ते डॉक्टरांचं नाही. ते रणांगणावरचं आहे.

२४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. हजारो जखमी पाण्यावाचून तडफडत पडलेले आंरी द्यूनां या स्विस व्यापाऱ्याने पाहिले. त्याच्या खटपटीतून १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला आणि स्विस झेंड्याचे रंग उलटे करून हे चिन्ह ठरलं. अर्थ एवढाच : इथे गोळी झाडू नका. ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेचं आणि रेड क्रॉस संस्थांचं. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून हे चिन्ह वापरलं तर त्याच्या कलम १३ नुसार ५०० रुपयांपर्यंत दंड होतो. आज पाटी रंगवायलाच त्याहून जास्त पैसे पडतात. शिवाय सरकारी तक्रारीखेरीज न्यायालय दखल घेत नाही, म्हणून पाट्या सुखाने नांदतात.

मग हा नियम हवा तरी कशाला? जे चिन्ह जिथेतिथे दिसतं, ते ऐन वेळी कोण मानणार? युद्धात त्याच्याआड लपून शत्रूला ठार मारणं हा युद्धगुन्हा आहे. ‘शत्रू आत शिरला की रुग्णालय उडवायला मोकळीक’ हाही गैरसमजच. तिथून लढाई चालली असेल तर संरक्षण जाऊ शकतं, पण आधी इशारा आणि पुरेशी मुदत द्यावी लागते, आणि आतल्या रुग्णांच्या जिवाचा विचार तरीही सुटत नाही.

‘युद्धगुन्हा’ हा शब्दही असाच जिथेतिथे वापरला जातो. टिटवाळ्याच्या कितीतरी लोकल मुंबईत ज्या सीएसएमटीवर (तेव्हाच्या सीएसटीवर) जाऊन संपतात, तिथे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गोळीबार झाला. त्यातला हल्लेखोर कसाब याच्यावर देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप सिद्ध झाला, म्हणून अनेकजण त्याला युद्धगुन्हेगार म्हणतात. पण ते भारतीय दंडविधानाचं कलम १२१ होतं. युद्धगुन्हा ठरायला आधी सशस्त्र संघर्ष लागतो, आणि तो चालू असताना नियम मोडावा लागतो. युद्ध कोणी सुरू केलं हा प्रश्नच वेगळा. नियम दोन्ही बाजूंना सारखे.

पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधवांच्या खटल्याच्या वेळीही ‘जिनिव्हा करार’ बऱ्याच जणांच्या तोंडी होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १७ जुलै २०१९ चा निकाल मात्र व्हिएन्ना करारावर, म्हणजे आपल्या वकिलातीला त्यांना भेटू देण्याच्या हक्कावर होता. ते न्यायालय देशादेशांतले तंटे ऐकतं. माणसांवर युद्धगुन्ह्याचे खटले चालवणारं न्यायालय हेगमध्येच आहे, पण निराळं, आणि भारत त्याचा सदस्य नाही. म्हणून आपल्याकडे असे गुन्हेगार मोकाट सुटतात असंही नाही : त्याच १९६० च्या कायद्याचं कलम ३ युद्धकैद्याच्या जाणूनबुजून केलेल्या हत्येला फाशी किंवा जन्मठेप सांगतं, मारणारा कुठल्याही देशाचा असो.