सागरातील तेल आणि किनाऱ्यावरील माणूस

मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर निघाले म्हणजे नाशिककराच्या गाडीची चिंता मिटते. ते इंधन मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यातून नळाने घाट चढून येते, आणि त्या कारखान्यांत जाणाऱ्या कच्च्या तेलाचा काही भाग मुंबईच्याच समुद्रातून उपसलेला असतो. तेव्हा सागरी तेलशोधनाचे परवाने कोणत्या अटींवर दिले जातात, हा प्रश्न आमच्यापासून दूरचा नाही.

१९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल काढले. ते यश तेल व नैसर्गिक वायू आयोगाचे, म्हणजे जनतेच्या पैशाचे होते. त्याच आयोगाने शोधलेल्या पन्ना, मुक्ता व तापी या क्षेत्रांत १९९४ साली एन्रॉन व रिलायन्स यांना भागीदार करून घेण्यात आले. कंपन्यांनी खर्च आधी वसूल करावा, मग उरल्या नफ्यात सरकारने वाटा घ्यावा, असा तो करार! खर्च किती, यावरून भांडण जुंपणार हे सांगावयास ज्योतिषी नको होता. २०१० मध्ये प्रकरण लवादापुढे गेले. २०१६ च्या धोरणाने एकूण उत्पन्नातूनच वाटा घेण्याचे ठरले, हे शहाणपण उशिरा का होईना सुचले.

परंतु एक उणीव तशीच आहे. घटनेच्या २९७ व्या कलमान्वये सागरतळाची संपत्ती केंद्राची. अंकलेश्वरच्या जमिनीतील तेलाचे स्वामित्वधन गुजरातला मिळते. मुंबईच्या समुद्रातील तेलाचे महाराष्ट्राला मिळत नाही. तेल साऱ्या देशाचे आहे, याविषयी आमचा वाद नाही. पण त्याची झळ कोण सोसतो? शोधनौका कित्येक किलोमीटर लांबीच्या तारा ओढीत फिरू लागली की कोळ्याला जाळी उचलावी लागतात, आणि तेलमंच उभा राहिला की त्याच्या सभोवती ५०० मीटरपर्यंत त्याला मज्जाव होतो. जुलै २००५ मध्ये मुंबई हायच्या मंचाला आग लागून २२ माणसे दगावली. असा अपघात किनाऱ्याच्या दारात घडतो, दिल्लीच्या नव्हे.

जमिनीवरील खाणींसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत. खाणमालकाने बाधित जिल्ह्यासाठी रक्कम द्यावयाची असते. खनिज तेलास मात्र तो कायदा लागू नाही. तशीच तरतूद सागरी क्षेत्रांसाठी करावी आणि परवान्याच्या अटी, तो देण्यापूर्वी, मच्छीमार संस्थांपुढे मराठीतून ठेवाव्यात, अशी आमची मागणी आहे. त्यासाठी घटना बदलावी लागत नाही.