झाडाची साल काढली की जंगल वाचतं? स्पेन-पोर्तुगालचं 'देहेसा' समजून घ्या

वाइनच्या बाटलीचं खरं बूच झाडाच्या सालीपासून बनतं. साल काढली म्हणजे झाडाचं नुकसानच, असं कुणालाही वाटेल. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये मात्र गणित उलटं आहे. तिथे साल विकली जाते, म्हणून झाड उभं राहतं.

देहेसा म्हणजे काय?

विरळ ओकची झाडं, खाली गवत आणि त्यात चरणारी गुरं. धड जंगल नाही, धड शेत नाही. स्पेनमध्ये याला 'देहेसा' म्हणतात, पोर्तुगालमध्ये 'मोंतादो'. दोन्ही देशांत मिळून हा पट्टा 30 लाख हेक्टरहून मोठा आहे. शेकडो वर्षं माणसांनी झाडं विरळ करून, फांद्या छाटून आणि गुरं चारून तो घडवलाय.

बूच कसं मिळतं?

बूच-ओकची साल उन्हाळ्यात कुऱ्हाडीने सोलतात. झाड तोडावं लागत नाही, कारण साल पुन्हा वाढते. पोर्तुगालमध्ये दोन तोडणींमध्ये किमान 9 वर्षांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणून सोललेल्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात. पहिली साल झाड साधारण 25 वर्षांचं झाल्यावर निघते आणि बाटलीच्या बुचाजोगी साल तिसऱ्या तोडणीला, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर. आजोबांनी लावायचं, नातवाने विकायचं! (आपल्याकडचं पांढऱ्या फुलांचं बुचाचं झाड वेगळं.)

डुकरांचा काय संबंध?

शरद ऋतूत ओकची फळं गळतात. ती खाऊन इबेरियन जातीची काळी डुकरं पोसली जातात आणि त्यांच्या मांसाला मोठा भाव मिळतो. नियमानुसार हेक्टरी फार तर 1.25 डुकरं सोडता येतात. फळं जितकी, तितकीच डुकरं. 1960 च्या दशकात आफ्रिकन स्वाइन फीवर आणि कारखानी पद्धतीच्या पालनामुळे ही जात मागे पडली होती. मागणीमुळे ती सावरली. मेरिनो मेंढ्या आणि रेतिंता गायीही इथल्याच.

आणि वन्यजीव?

हिवाळ्यात उत्तर युरोपातले क्रौंच हीच फळं खायला इथे येतात. स्पॅनिश शाही गरुड इथल्या झाडांवर घरटी करतो. लिंक्स हे रानमांजर झुडपांच्या आडोशाने ससे टिपतं. 2002 च्या सुमारास शंभराहूनही कमी लिंक्स उरले होते. बंदिस्त प्रजनन आणि अधिवास जपल्यामुळे 2023 मध्ये त्यांची संख्या 2,000 च्या पुढे गेली.

मग अडचण कुठे आहे?

झाडं म्हातारी होतायत आणि नवी येत नाहीत. गुरं जास्त झाली की रोपं खाऊन टाकतात. गुरं अजिबात नसली की झुडपं माजतात आणि वणवे भडकतात. त्यात दुष्काळ, आणि मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा हा रोग.

उपाय काय?

रोपांना जाळी लावणं, काही तुकडे आलटून पालटून चराईसाठी बंद ठेवणं आणि थोडी झुडपं राखणं. हे सगळं करायला मालकाच्या हातात पैसा हवा. बूच आणि मांस विकलं गेलं नाही, तर रोप लावून चाळीस वर्षं थांबणार कोण? म्हणूनच प्लास्टिकच्या बुचाचा फटका थेट झाडापर्यंत पोहोचतो. काही जंगलं कुंपण घालून वाचतात. देहेसा वाचतं ते माणूस तिथे राबत राहिला तरच.